कच्चं मडकं, पक्कं मडकं

तेरच्या माणसाला परदेशाचं फार अप्रूप असू नये, असं आपलं माझं मत. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव तगर होतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई आणि तिथून गलबतांतून पार पश्चिमेला. ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने त्याची नोंदही करून ठेवली आहे. गावातल्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. तिच्या जातकुळीतली दुसरी एक थेट इटलीत, पाँपेईच्या राखेखाली सापडली. ती कुणाच्या गाठोड्यातून गेली, वाटेत किती बंदरं तिने पाहिली, देव जाणे, पण “बाई, परत कधी येणार?” असं तिला कुणी अडवून विचारलं नसणार.

आमच्या मामींना मात्र विचारलं. मुंबईत, व्हिसाच्या खिडकीवर. “नातू बघून झाला की येते की,” मामी म्हणाल्या, “ज्वारी काढायला नको का?” मामा शेजारी श्वास रोखून उभे. त्यांना काचेपलीकडच्या साहेबात तेरचे कुंभार संत गोरोबाकाका दिसत होते. हातात थापटणं, समोर ओळीने बसलेली संतांची डोकी, आणि नुसत्या आवाजावरून ठरणार, कोणतं मडकं भाजलंय आणि कोणतं कच्चं. जिथे नामदेवांसारखा संत कच्चा निघाला, तिथे जिल्हा परिषदेच्या निवृत्त गुरुजींचा काय पाड? पण दोघेही पक्के ठरले आणि मुलाकडे न्यू जर्सीला निघाले.

बॅगेत ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, मेतकूट आणि तुळजापूरची कवड्यांची माळ. कुंथलगिरीचा पेढा मुलाने फोनवरूनच नामंजूर केला, दुधाचं तपासणीत अडवतात म्हणून. तो मामींनी जड हाताने गल्लीत वाटला. सामान एवढं, पण मोहीम एकच: नातवाच्या जिभेवर मराठी बसवायची. बारकाईने पाहिलं तर हे धर्मप्रसाराचंच काम. उलट्या दिशेने चाललेलं, एवढंच.

कारण एके काळी तिकडची माणसं इकडे यायची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत पोचले, तेव्हा घर सोडून त्यांना वर्ष होत आलं होतं. पुढे मिशन नगरला गेलं, सोलापूरला गेलं. त्यांची मुलं मुंबईत, नगरला जन्मली, मराठी दायांच्या कडेवर वाढली. तिकडे न्यू इंग्लंडात कुणी आजी चष्मा पुसत पत्र वाचायची: बाळाला पहिला दात आला. पत्र महिनोन्‌महिने समुद्रावर असायचं. ते हाती पडेपर्यंत बाळ अंगणभर पळत असणार. मला त्या आज्यांचं फार वाटतं. धर्म पसरवणाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला. मोजे विणून बोटीने पाठवणाऱ्यांचा कोण लिहिणार? आणि विणलेल्या मापाचा पाय तोवर कुठे उरलेला असायचा!

मिशनऱ्यांचंही मोठं गमतीचं झालं. जस्टिन अ‍ॅबट हे असल्याच घराण्यातले. आईवडीलही इथल्या मराठी मिशनमध्येच राबलेले. लोकांना बायबल सांगायला आलेला हा माणूस निवृत्तीनंतर न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम इंग्रजीत नेत राहिला. 1926 पासून ती पुस्तकं निघू लागली. पंडित नरहर गोडबोल्यांच्या साथीने त्यांनी महिपतींचा ‘भक्तविजय’ही उतरवला. म्हणजे तेरचे गोरोबाकाका मामा-मामींच्या कितीतरी आधी न्यू जर्सीला पोचले होते, आणि तेही व्हिसाशिवाय.

मामींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या रात्री नातवाला गोरोबाकाकांची गोष्ट सांगायच्या. चिखल तुडवताना पायाखाली पोर आल्याचा भाग दर वेळी गाळायच्या. “एवढ्या लांब येऊन ते कशाला सांगू?” त्यामुळे नातवाच्या लेखी गोरोबाकाकांचं काम एकच, डोकी वाजवणं. दुसऱ्या दिवशी तो लाकडी डाव घेऊन सोफ्यापाशी आला. आजीच्या डोक्यावर हलकेच टकटक: “पक्कं.” आबांच्या टकलावर जरा जोरात: “कच्चं!” चाळीस वर्षं पोरांना पास-नापास केलेल्या गुरुजींनी हा निकाल निमूट ऐकून घेतला. तक्रार केली असती तर पक्कं व्हायला नामदेवांसारखं औंढ्याला गुरू विसोबांकडे जावं लागलं असतं, आणि न्यू जर्सीहून औंढा फारच आडवळणी.

सहा महिने सरले. नातू ‘भाकर’ आणि ‘काय की’ एवढं पक्कं शिकला. बाटले मात्र मामा-मामीच. परत आल्यापासून मामींनी चहा ठेवला की मामा “थँक यू” म्हणतात. उभ्या संसारात हा शब्द त्या घरात उच्चारला गेला नव्हता. सुरुवातीला मामी दचकायच्या. आता मामा विसरले, तर कप हातातून सोडत नाहीत.

तुमच्याकडचं कुणी तिकडे निघालं असेल, तर पीठ थोडं कमी न्यायला सांगा. ज्वारीचं पीठ न्यू जर्सीत एडिसनच्या दुकानात मिळतं. त्या जागेत ‘भक्तविजय’ ठेवा. आणि डाव? तो तिकडे घरोघरी असतोच.