वर्षातल्या आवडत्या मैफली

डिसेंबर आला की आमच्या महाळुंग्यातले शौकीन वर्षभराच्या मैफलींचा हिशेब मांडतात. पहिला मान अर्थातच सवाई गंधर्व महोत्सवाचा. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव एके काळी रात्रभर चालायचा. पहाटेचा राग खरोखर पहाटे कानावर पडायचा. आता रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक मुका. हा नियम मोठा समदर्शी. ३० एप्रिल २०२३ला पुण्यात राजाबहादूर मिलमध्ये पोलिसांनी थेट मंचावर जाऊन ए. आर. रहमानचं गाणंसुद्धा थांबवलं होतं.

पण सर्वांत जास्त वेळ ऐकलेली मैफल म्हणाल, तर घरामागच्या लग्नाच्या लॉनवरची. तिकीट नाही, पार्किंगची मारामारी नाही, बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची हीच पहिली रांग. तिथे दहा वाजले तरी ‘नवरदेवाचे मित्र अजून यायचेत’ म्हणून गाणी चालूच. साडेअकराला खिडकीची काच ठेका धरते. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा फडताळावरून एकेक बोट पुढे सरकतो आणि बरोब्बर समेवर खाली पडतो. मी दाद देतो, बायको पोहे गोळा करते.