वाफ काढू नये

मराठी स्वयंपाकघराचा सगळा कारभार वाफेवर चालतो. भाजी फोडणीत परतली की झाकणावर पाणी ठेवून एक वाफ काढायची, अळूवडीचे उंडे उकडायचे, मोदक उकडायचे, वरण-भाताला तीन शिट्ट्या द्यायच्या. झुणक्यालासुद्धा शेवटी एक वाफ लागतेच. या संस्कारांत वाढलेला माणूस नोकरीसाठी न्यू जर्सीला जातो, चार-पाच वर्षांत तिथे रुळतो आणि एका शनिवारी, हॉटेलात एका स्टेकला मोजलेले डॉलर आठवून, तो घरीच करायचं ठरवतो. त्या क्षणापासून त्याचे सगळे संस्कार त्याच्या विरोधात उभे राहतात. स्टेकला झाकण चालत नाही. पाण्याचा हबका चालत नाही. 'थोडं दही लावून ठेव ना रे' असं सुचवणारी मावशी तर अजिबात चालत नाही.

मार्गदर्शनाची हद्द आधीच आखलेली बरी. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच वळू आणि बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस-रेडा त्या बंदीबाहेर असल्यामुळे मुंबईतल्या मेनूकार्डावर जे 'टेंडरलॉइन' दिसतं ते बहुधा म्हशीचं असतं. म्हणून आपला होतकरू जर्सी सिटीत, एका उंच इमारतीच्या अठराव्या मजल्यावर राहतो असं धरून चालू. घर एका बेडरूमचं. बाल्कनी नाही, कोळशाची शेगडी पेटवायची सोय नाही, आणि स्वयंपाकघर दिवाणखान्यातच. म्हणजे जे तव्यावर घडेल ते सोफ्यावरही घडेल.

खरेदीतली पहिली चूक जिभेच्या सवयीने होते. खाटकासमोर उभं राहिलं की 'रश्शाला हवंय, लहान तुकडे करा' हे वाक्य आपोआप बाहेर पडू पाहतं. ते गिळावं आणि चार सेंटिमीटर जाडीचा अखंड तुकडा मागावा. पातळ स्टेक बाहेरून तांबूस होईपर्यंत आतून चपलेच्या जवळ गेलेला असतो. अमेरिकेचं कृषी खातं गोमांसाची प्रतवारी लावतं: प्राइम, त्याखाली चॉइस, त्याखाली सिलेक्ट. ही प्रत मुख्यतः मांसात विखुरलेल्या चरबीच्या पांढऱ्या रेषांवरून ठरते. रिबआयमध्ये त्या भरपूर असतात. फिले मिन्याँ लोण्यासारखा मऊ, पण चवीला बेताचा. केवळ महाग म्हणून तो घेणाऱ्यांनी नंतर सॉसच्या बाटलीकडे बघू नये.

आता मुख्य शत्रू. पाणी.

शाळेत सुप्त उष्मा नावाचं एक प्रकरण असतं आणि ते परीक्षेनंतर कुणाच्याही कामी येत नाही, असा समज आहे. स्टेक करणाऱ्याच्या मात्र ते कामी येतं. पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. ओला स्टेक तव्यावर टाकला की तवा आधी ही हमाली करत बसतो, आणि पाणी संपेपर्यंत मांसाचा पृष्ठभाग १०० अंशांपुढे जात नाही. रंग आणि वास यांची खरी गंमत सुरू होते ती १४० अंशांच्या आसपास. अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की काय होतं, हे लुई कामिय माय्यार या फ्रेंच वैद्यक-रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलं, आणि आता जगभरचे शेफ त्याचं नाव घेतल्याशिवाय कांदासुद्धा परतत नाहीत. मराठीत या प्रक्रियेला 'खरपूस' म्हणतात. आपण त्यावर शोधनिबंध लिहिला नाही, एवढंच.

तेव्हा स्टेक कागदी टॉवेलने टिपावा. पुन्हा टिपावा. बाळाला अंघोळीनंतर कोरडं करतात तसा, काखा-बगलांसकट. मीठ आदल्या रात्रीच लावून तुकडा फ्रिजमध्ये जाळीवर उघडा ठेवावा, निदान ४० मिनिटं तरी आधी. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं. रात्रीची आठवण राहिली नसेल तर अगदी तव्यावर टाकतानाच मीठ लावावं. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत तुकडा घामेजलेला असतो आणि त्याच वेळी तो टाकण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. कोकणातली आजी सुरमईच्या तुकडीला रवा आणि तांदळाचं पीठ लावते तेव्हा तीही ही ओलच बांधत असते, म्हणजे घराण्यात अगदीच अंधार नव्हता. हळद लावू नये. तिखट लावू नये. आलं-लसणाची पेस्ट लावू नये, ती तव्यावर मिनिटभरात काळी होते. ही तीन वाक्यं लिहिताना प्रस्तुत लेखकाचाही हात अडखळला.

तवा बिडाचा. गावाकडे ज्याच्यावर घावन-आंबोळ्या होत आणि जो कुणीतरी १९९० च्या आसपास 'जड होतो' म्हणून माळ्यावर टाकला, तोच. अमेरिकेत तो परत विकत घ्यावा लागतो. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावात लॉज कंपनी १८९६ पासून बिडाची भांडी ओतते आहे. त्यातला बारा इंची पॅन साडेतीन किलोच्या घरात भरतो. बीड तापायला वेळ लावतं, पण एकदा तापलं की वर थंडगार मांस पडलं तरी मान टाकत नाही. नॉनस्टिक या आचेच्या कामाचा नाही. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडायला लागतो.

स्निग्धाच्या बाबतीत मात्र होतकरूने छाती पुढे काढायला हरकत नाही. लोणी १७५ अंशांच्या आतच जळू लागतं, कारण त्यातले दुधाचे घटक करपतात. तेच लोणी कढवून, बेरी गाळून टाकली की उरतं ते साजूक तूप २५० अंशांच्या आसपासपर्यंत धूर धरत नाही. ज्या गोष्टीसाठी तिकडचे हौशी स्वयंपाकी ॲव्होकाडो तेलाची बाटली शोधत फिरतात ती याच्या डब्यात आईने कढवून ठेवलेली असते. आईने ती कशासाठी कढवली होती, याचा विचार त्या वेळी करू नये. त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर फोन येतोच.

"काय रे, कसला एवढा चर्र आवाज येतोय?"

"काही नाही गं आई, पनीर."

"पनीरला एवढं तूप?"

फोन पालथा ठेवून पुढे जावं. हौशी मित्र शेजारी उभा असेल तर तो या टप्प्यावर सांगतो की, कडक आचेने मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो. हे मत युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये मांडलं आणि ते दीडशे वर्षं पाकपुस्तकांतून फिरत राहिलं. हॅरल्ड मॅगी यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात त्याची साल काढली. मुद्दा सोपा आहे: तव्यावरचा तो चर्र आवाजच मुळी बाहेर आलेल्या रसाचा. रस कोंडला गेला असता तर आईला फोनवर काहीच ऐकू आलं नसतं. स्टेक खरपूस करायचा तो चवीसाठी.

'एकदाच उलटायचा' हाही असाच एक सोवळ्यातला नियम. दर अर्ध्या मिनिटाला उलटला तर दोन्ही बाजू सारख्या शिजतात, आणि लवकर शिजतात. भाकरीला जसं सतत हात लावावासा वाटतो तसा इथे लावू द्यावा. या पूर्ण विधीत होतकरूच्या हौसेला एवढीच मोकळीक आहे.

शिजलं की नाही हे कसं ओळखावं? 'रुचिरा'ने वाटी-चमच्यावर तीन पिढ्या स्वयंपाकाला लावल्या, पण इथे वाटी हरते. तळहाताचा मांसल भाग दाबून बघण्याची एक युक्ती सांगतात. ती प्रत्येकाच्या तळहातागणिक वेगळं उत्तर देते. थर्मामीटर घ्यावा, टोक बरोबर मधोमध खुपसावं. ५० अंशांच्या आसपास रेअर, ५५ ला मीडियम रेअर, ६० ला मीडियम, ७० च्या पुढे डोंबिवली. कृषी खात्याचा अधिकृत सल्ला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा असा आहे. कापल्यावर जे लाल पाणी दिसतं ते रक्त नव्हे. मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाने रंगलेलं ते मांसातलं पाणीच. पाहुण्यांना हे जेवणाआधी सांगावं की नंतर, यावर एकमत नाही.

इथवर सगळं रसायनशास्त्र होतं. यापुढे नागरिकशास्त्र सुरू होतं.

अमेरिकन घरात छताला एक पांढरी तबकडी असते. तिच्या एका प्रकारात अमेरिशियम २४१ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा कण असतो, ज्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ४३२ वर्षं आहे. म्हणजे होतकरूचं गृहकर्ज फिटेल, नातवंडं होतील, तरी ती तबकडी धूर शोधतच राहील. हा प्रकार तव्यावरून उठणाऱ्या बारीक कणांना विशेष हळवा असतो. अग्निसुरक्षेचे नियम सांगतात की स्मोक अलार्म शेगडीपासून दहा फूट तरी दूर असावा, आणि एका बेडरूमच्या घरात दहा फुटांवर साधारणपणे शेजारी राहतात. शेगडीवरची चिमणीही बऱ्याच वेळा धूर बाहेर टाकत नाही. जाळीतून गाळून तोच आपल्या तोंडावर परत सोडते.

उपाय आहेत. स्टेक आधी ओव्हनमध्ये १२० अंशांवर मंद भाजून आतून पन्नाशीच्या अलीकडे आणावा, मग तव्यावर एकेक मिनिट. पृष्ठभाग ओव्हनमध्येच सुकलेला असतो, धुराला वेळच मिळत नाही. 'कुक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने तर थंड पॅनमध्ये, तेलाविना सुरुवात करून दर दोन मिनिटांनी उलटण्याची रीत सांगितली आहे, आणि ती चालते. खिडकी आधीच उघडावी. बायकोला तबकडीखाली टॉवेल घेऊन उभं करावं, आणि तिने 'तू उभा राहा, मी उलटते' म्हटल्यास निमूट ऐकावं.

मात्र एक गोष्ट कदापि करू नये. घरातला अलार्म वाजला म्हणून घराचा मुख्य दरवाजा उघडू नये. घरातली तबकडी बहुधा फक्त घरापुरती ओरडते. बाहेरच्या पॅसेजमधली सबंध इमारतीसाठी ओरडते.

होतकरू दरवाजा उघडतो.

स्टेक तेव्हा नेमका ५२ अंशांवर उतरवून पाटावर ठेवलेला असतो. आठ मिनिटांचा विसावा, आतली उष्णता आणखी तीन-चार अंश चढणार, मग तंतूंना आडवे काप: सगळं शास्त्रोक्त. लिफ्ट बंद होते. अठरा मजले जिन्याने, पायात बाथरूमच्या चपला, पुढे एक कुत्रा, मागे दोन बाळं, आणि प्रत्येक मजल्यावर सामील होणारी नवी मंडळी. खाली फुटपाथवर अग्निशामक दलाची गाडी लागते. सहाव्या मजल्यावरच्या आजीबाई स्वेटर सावरत विचारतात, काय जळलं म्हणे? होतकरूला सांगायचं असतं की जळलं काहीच नाही, खरपूस झालंय. पण 'खरपूस'ला इंग्रजी शब्द सापडेपर्यंत सगळे परत वर निघालेले असतात.

घरी थर्मामीटर ३१ अंश दाखवतो. होतकरू तव्याकडे बघतो, मग छताकडे बघतो. मग स्टेक पुन्हा तव्यात ठेवतो, पाण्याचा हलकासा हबका मारतो आणि झाकण ठेवून एक वाफ काढतो.