चौथ्या क्वार्टरची हजेरी

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात तिकीटखातं सांभाळणाऱ्या माणसाला आमचा साष्टांग नमस्कार. हा गृहस्थ तिकीट विकायच्या आधी तिकीट विकत घेण्याचा हक्क विकतो. अमेरिकी फुटबॉलच्या सामन्याला बरी जागा हवी? मग क्रीडा निधीला देणगी द्या. देणगीचे पॉइंट साठतात, पॉइंटांवर नंबर वर सरकतो आणि नंबर लागला की तिकिटाचे पैसे वेगळे मोजायची परवानगी मिळते. पागडी आपल्यालाही ठाऊक आहे, पण पागडीवर आयकरात सूट मिळवून द्यायचं आपल्या एकाही घरमालकाला सुचलं नाही. तिथे २०१७ अखेरपर्यंत या दानाच्या ८० टक्के रकमेवर सूट होती!

एवढं करून मैदान भरतं का? कागदावर भरतंच. जाहीर होतो तो तिकिटं विकल्या-वाटल्याचा आकडा. गेटवरचा स्कॅनर मात्र आलेली डोकी मोजतो. २०१७च्या हंगामात स्कॅन झालेली तिकिटं जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच भरली, असं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दाखवून दिलं. आपल्या जाहीर सभांना अजून स्कॅनर लागलेले नाहीत, हे नेत्यांचं नशीब.

अलाबामा विद्यापीठाचं दुखणं निराळं. लाखभर माणसं मावणारं ब्रायंट-डेनी स्टेडियम, संघ जिंकून जिंकून दमलेला आणि पोरं अर्ध्यातूनच पसार. तेव्हाचे कोच निक सेबन रिकाम्या बाकांवर जाहीरपणे वैतागले. मग २०१९ मध्ये विद्यापीठाने ॲप काढलं. मैदानात आलात, १०० पॉइंट. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत टिकलात, आणखी २५०. पोरगं जागेवर आहे की सटकलं, हे त्याच्याच खिशातला मोबाइल सांगणार. त्या हंगामातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना न्यू मेक्सिको स्टेटशी होता आणि निकाल लागला ६२-१०. असा सामना टळटळीत उन्हात शेवटपर्यंत बघायचा, तर २५० पॉइंट म्हणजे रोजगार हमीचीच मजुरी. बरं, या पॉइंटांचं करायचं काय? मोठ्या सामन्यांची तिकिटं विकत घेताना आपला नंबर आधी लागतो.

आमचा भाचा पुण्यात ७५ टक्के हजेरीच्या धाकात, प्रॉक्सीच्या बळावर इंजिनिअर झाला. हे सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, ‘‘मामा, दहा जणांचे फोन एकट्यानेच खिशात घेऊन बसायचं. त्यात काय?’’

आता नवी गंमत. वर्षानुवर्षं ज्यांच्या जिवावर हा बाजार चालला, त्या खेळाडूंना २०२५ पासून विद्यापीठांनी थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. त्याची चाहूल लागताच टेनेसी विद्यापीठाने २०२५च्या फुटबॉल सीझन तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’ लावून टाकली. कोचच्या कोट्यवधींच्या पगारासाठी मात्र बिलावर अशी वेगळी ओळ घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.