नऊ मिनिटांची कमाई

कळंबोली ते किवळे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. नियमातल्या शंभरच्या वेगाने गेलात तर ५७ मिनिटं, एकशेवीसने गेलात तर ४७. (घाटात मोटारींना साठचीच मर्यादा आहे, पण हिशेबापुरता घाट नाहीच असं समजू. गाडी चालवतानाही पुष्कळजण तसंच समजतात.) म्हणजे स्वतःचा, मागच्या सीटवर पेंगणाऱ्या आईचा आणि शेजारच्या लेनमधल्या अनोळखी कुटुंबाचा जीव टांगणीला लावून हाती लागतात नऊ-साडेनऊ मिनिटं. मग हीच मंडळी फूड मॉलवर उतरतात आणि पाऊण तास चहा ढोसत बसतात.

तेव्हा घाई वेळेची नाही, मानाची आहे. 'त्याने मला कट मारला' हे वाक्य आपण ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात पूर्वी लोक 'त्यांनी आम्हाला लग्नाची पत्रिका पाठवली नाही' असं म्हणत. कट मारणाऱ्याला गाठून, त्याच्या बरोबरीने गाडी नेऊन, काच खाली करून डोळे वटारल्याशिवाय अन्न पचत नाही. यात आपला एक्झिट मागे पडला तरी बेहत्तर.

डोळे वटारणं जमत नसेल त्यांच्यासाठी हॉर्न आहे. सिग्नल हिरवा व्हायला चार सेकंद असताना मागचा हॉर्न देतो, म्हणजे पुढच्याने दिव्याच्या खांबाला जरा समजावून सांगावं. २०१५ साली ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला आपल्या राज्याने बंदी घातली. बंदी अक्षरांवर होती, त्यामुळे हॉर्नने ती मनावर घेतली नाही.

या रोगावर आजवरचा सगळ्यात खट्याळ उपाय मुंबई पोलिसांनी काढला. त्यांनी मोजक्या चौकांत सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं. हॉर्नचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा, आणखी थांबा. २०२० च्या जानेवारीअखेर त्याचा व्हिडिओ आला आणि देशभर टाळ्या पडल्या. मला त्यातले चेहरे आवडले. नव्वदवरून उतरत आलेला आकडा टुणकन परत नव्वदवर गेल्यावर माणसं आपल्याच अंगठ्याकडे संशयाने बघतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि त्या वाजवून झाल्यावर त्याच संध्याकाळी कर्वे रस्त्यावर एका रिक्षाला सलग सहा हॉर्न दिले होते. रिक्षा बंद पडली होती. हॉर्नने ती सुरू झाली नाही, हे नोंदवून ठेवतो.

तेव्हापासून मी शांत चालवायचं ठरवलं. शांत चालवायचं म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पळते. डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर फुकटात गेलेलं असतं, ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात. म्हणून किमान दोन सेकंदांची मोकळी जागा सोडावी असं सांगतात. मी सोडतो. त्या जागेत तत्काळ एक पांढरी गाडी येऊन बसते. मी पुन्हा मागे सरकून नवी जागा करतो, तिथे टेम्पो येतो. असं समाजकार्य करत मी लोणावळ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बायको विचारते, "आपण पुढे चाललोय ना?"

परवा असाच चाललो असताना मागून एकाने डिपर मारून मारून आरसा पांढरा केला. मी लेन सोडली. जाताना त्याने हाताची पाचही बोटं पसरून माझ्या अकलेची चौकशी केली आणि नाहीसा झाला.

फूड मॉलवर वडापावच्या रांगेत तोच माझ्या पुढे उभा होता. डोक्यावर गॉगल, कडेवर पेंगुळलेली मुलगी. वळून माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकला.

"या ना काका, तुम्ही घ्या आधी. आपल्याला काही घाई नाही."

मी घेतला. चटणी जास्त मागितली.