नाना आणि डाव्या पायाखालचं पाणी

मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्या सोसायटीत दोन आवाज सुरू होतात. एक बेडकांचा, दुसरा पार्किंगमधून नानांचा. बेडूक ओरडतात पाणी आलं म्हणून. नाना ओरडतात, आलं कुठून म्हणून.

नानांची मारुती एटहंड्रेड १९९७ची. हे मॉडेल १९८३मध्ये आलं आणि २०१४मध्ये बंद झालं; मधल्या काळात देशात आणखी काही घडलं असेल, तर नानांना त्याची खबर नाही. मुलगा नवी गाडी घेऊन द्यायला तयार आहे. पण नवी गाडी आपली आपण चालते, तिच्यात माणसाला काही कामच उरत नाही, असं नानांचं म्हणणं. दर ५ वर्षांनी आरटीओत नोंदणी वाढवून घ्यायला जाताना ते तळाचा पत्रा टिचकी मारून वाजवून बघतात, बाजारात माठ घेतल्यासारखा. पत्रा सडू नये म्हणून पाण्यावर एवढा राग.

यंदा डाव्या सीटपुढं पचपच झाली. नानांनी कार्पेट उचललं, खालचा नमदा बादलीत पिळला. पाऊण तांब्या पाणी. त्यात बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. "चिकट नाही, गोडसर वास नाही. म्हणजे कूलंट नव्हे, पावसाचंच." गॅलरीतून काकू म्हणाल्या, "अहो, चाखूनही बघा की."

एका गॅरेजवाल्यानं बाहेरूनच नजर टाकून "रबर गेलं" असा निकाल दिला आणि पुढच्या काचेभोवती सिलिकॉन थापलं. दिसायला अगदी लग्नाच्या पंगतीतलं श्रीखंड. पाणी येतच राहिलं. नानांनी दोन दिवस ब्लेडनं ते श्रीखंड खरवडलं आणि मला त्यांचा सिद्धान्त ऐकवला : "पाणी जिथं दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. पत्र्याच्या कडेनं, वायरींवरून ते फिरत फिरत येतं. हे लक्षात ठेव."

रविवारी परीक्षा. तळ कोरडा करून नानांनी त्यावर काकूंची टाल्कम पावडर भुरभुरवली, म्हणजे ओघळ आला की रेघ उमटते. मला टॉर्च देऊन आत आडवं घातलं, काचा लावल्या. एक टकटक म्हणजे कोरडं, दोन म्हणजे ओलं. बाहेर नाना आणि बागेचा पाइप.

"खालून वर जायचं," त्यांनी आधीच बजावलं होतं. "वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडंच ओघळणार, मग चोर कसा सापडायचा?"

पहिलं दार. दारात पाणी जातंच, हे मला त्या दिवशी कळलं. काच खाली उतरते त्या फटीतून ते शिरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं चिखलानं बुजली किंवा आतलं प्लॅस्टिक फाटलं, की ते पायाशी येतं. नानांनी भोकं तारेनं मोकळी केली. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, घट्ट. म्हणजे रबर निर्दोष. मी एकदा टकटक केली. मग डाव्या खांबाच्या कडेनं, मग काचेच्या रबरावर. टकटक. आत वाफारा इतका की माझ्या कपाळावरचा घाम टपकून पावडरीत ठिपका पडला, आणि नानांनी त्याचीही कसून चौकशी केली.

शेवटी वायपरखालच्या जाळीवर पाइप धरला. मिनिटभर काही नाही. मग डॅशबोर्डखालच्या काळोखातून, वायरींच्या जुडग्यावरून एक थेंब आला, थबकला आणि पावडरीत पडला. मागून दुसरा. मी एवढ्या जोरात काच ठोकली की नाना दोन टकटकींच्या हिशेबात गोंधळले.

जाळीखालच्या खोलगट भागात गुलमोहराच्या बारीक पानांचा चिखल बसला होता. पाणी वाहून जायची वाटच बंद. ते तुंबायचं आणि वायरी आत येतात तिथल्या चिरलेल्या रबरातून शिरायचं. नानांनी मूठ मूठ चिखल काढून वर्तमानपत्रावर मांडला, आल्यागेल्याला दाखवला. नवं रबर बसवलं. पुन्हा अर्धा तास पाइप. पावडर कोरडी ठणठणीत.

त्या रात्री पाऊस कोसळला. सकाळी नाना दारात उभे. "आत पाणी आहे."

खाली जाऊन पाहिलं. कुबट वास जावा म्हणून त्यांनीच डावी काच चार बोटं उघडी ठेवली होती. मी काचेकडं नुसतं बोट केलं. नानांनी काच पाहिली, माझ्याकडं पाहिलं.

"ते दिसतंय मला," ते म्हणाले. "पण पाणी जिथं दिसतं तिथून..." आणि पाइप आणायला वळले.