शूटिंगवाल्याचा भाव

खांडबाऱ्यात लग्नाच्या शूटिंगचा दर कॅमेऱ्याआधी पंचांग ठरवते. एप्रिल-मेच्या दाट तिथीला नवापूरपासून नंदुरबारपर्यंत गावोगाव मांडव पडतात आणि एरवी फोन करणारा शूटिंगवाला फोन उचलेनासा होतो. त्यानंतर माणसे मोजली जातात. एक जण आहेर देणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत लाइट मारतो. दुसरा ‘कँडिड’वाला, तो नवरीला नकळत हसायला सांगतो, जमेपर्यंत चार वेळा. ड्रोनचे पैसे वेगळे. 2021 च्या नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. मांडवाच्या पत्र्यांचे चित्रीकरण त्यामुळे सोपे झाले. गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असल्याने सुरतेचा माणूसही येतो. त्याच्या भाड्यात प्रवासखर्च थोडा, ‘सुरतेहून आणलाय’ असे सांगण्याची किंमत जास्त. हळद आणि डीजेची वरात धरली की दिवस वाढतात. खरा वेळ एडिटिंगला जातो: नवरदेवाची संथ चाल, गुलाबात फिरणारा नवरीचा चेहरा, रुसलेल्या मामांना कापणे. उरलेली रक्कम मिळेपर्यंत पेनड्राइव्ह दुकानातच राहतो; घाई मात्र फक्त मामांना असते.