सोडचिठ्ठीची खरी नक्कल

आमच्या घराण्यात सरकारी कामाचा माणूस म्हणून माझं नाव आहे. फार वर्षांपूर्वी काकांच्या रेशनकार्डावर त्यांचं वय चुकून आजोबांपेक्षा जास्त पडलं होतं, ते मी दुरुस्त करून आणलं. खरं तर ते वय वाचून तिथल्या बाईंनाच इतकं हसू फुटलं की त्यांनी आपणहून खाडाखोड करून शिक्का मारला. पण ही गोष्ट मुंबईहून गावी, कुडपणला पोचेपर्यंत तिच्यात मी मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर जाऊन टेबलावर मूठ आपटली होती. मीही कधी नाही म्हटलं नाही.

तेव्हा २०२५च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण'वाल्या बायकांना ई-केवायसी सक्तीची झाली आणि आत्याचा फोन आला, यात नवल नव्हतं. संकेतस्थळ नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्याच्या कितीतरी आधी गेले. राहता राहिला नवरा. तो हयात होता, पण आत्याचा राहिला नव्हता. अशा बायकांनी घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत द्यावी, असं ठरलं.

"आत्या, तुझा घटस्फोट झालाय ना?"

"झाला की."

"कुठं?"

"कोर्टात. आणि कुठं?"

एवढ्या पुराव्यावर मी काम अंगावर घेतलं. "नक्कल काढायची, त्यात काय," असंही म्हणालो.

मुंबईत बसून न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की खटला निघतो, हे मला ठाऊक होतं. पण आत्याची नावं तीन: माहेरचं एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, आणि आधारवाल्या पोरानं ऐकलेलं तिसरं. म्हणून म्हटलं, नवऱ्याच्या नावानं शोधू. आता आत्यानं त्या माणसाला सोडून तीस वर्षं उलटून गेलेली. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही शिस्त तिनं संसार मोडल्यावरही मोडली नव्हती. "नाव घे" म्हटल्यावर फोनवर लाजली. बासष्टाव्या वर्षी.

"रामाच्या भावाचं नाव," एवढंच म्हणाली.

लक्ष्मण! लगेच टाकलं. काहीच निघालं नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे निकाल संगणकावर असतीलच असं नाही. ते असतात रजिस्टरात आणि रजिस्टर असतं कोर्टात. मी रजा टाकली.

कुडपण म्हणजे रायगड जिल्ह्याचं अगदी टोक. पलीकडे रत्नागिरीतलं खेड, वरच्या अंगाला सातारा. हल्ली पावसाळ्यात 'भीमाची काठी' धबधबा बघायला गाड्या घेऊन लोक जातात. माझं काम खालच्या गावांत होतं. पहिल्या कोर्टात कळलं की घटस्फोटाचे अर्ज कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांपुढे चालतच नाहीत, वरिष्ठ स्तराकडे किंवा जिल्हा न्यायालयात चालतात. ही माहिती मला हवी होती असा चेहरा करून मी पुढच्या कोर्टाची एसटी धरली.

तिथल्या नकला विभागातला लिपिक सज्जन निघाला, हे माझं दुर्दैव. उर्मट असता तर मूठ आपटायला वाव होता. त्यानं खुर्ची दिली आणि विचारलं, "अर्ज क्रमांक?" नाही. "निकालाची तारीख?" नाही. "साल?" नव्वदीच्या आसपास. "आपण पक्षकार?"

"भाचा."

मग त्यानं शांतपणे सांगितलं की खटल्यात नसलेल्या माणसाला नक्कल हवी असेल तर कारण देऊन, प्रतिज्ञापत्र करून कोर्टाचा हुकूम घ्यावा लागतो. त्यात नवराबायकोची प्रकरणं हिंदू विवाह कायद्याच्या २२व्या कलमानं बंद दाराआड चालतात. ती कुणाही भाच्याला वाचायला मिळत नाहीत. "आत्याबाईंच्या सहीचा अर्ज आणा. कोर्ट फी स्टॅम्प लावा. मग शोधू."

अर्ज आणला. स्टॅम्प डाव्या कोपऱ्यात लावला. तो उजव्या कोपऱ्यात लागतो असं शेजारच्या माणसानं सांगितलं म्हणून सोलून उजवीकडे लावला. मग लिपिक म्हणाला कुठंही चालला असता, सोललेला मात्र चालणार नाही. नवा घेतला.

रजिस्टरं निघाली. लाल कापडाची पाठ, कडा वाळवीनं कातरलेल्या, आणि आत इतकं वळणदार अक्षर की हे लिहिणाऱ्याला बायकोनं सोडलं नसणार असं वाटावं. दुपारपर्यंत काही सापडेना तेव्हा मी जाणत्या सुरात म्हणालो, "पुरात गेलं असेल." २२ जुलै २०२१ला सावित्रीनं महाड बुडवलं, तेव्हापासून या मुलखात न सापडणाऱ्या कागदाचं खापर पुरावर फोडायची सोय झाली आहे. लिपिक मान वर न करता म्हणाला, "या खोलीत पाणी आलं नव्हतं."

आणि लक्ष्मण सापडला! साल जुळत होतं, तालुका जुळत होता, बायकोचं नाव आत्याच्या तीनपैकी एकाशी जुळत होतं. मी सगळ्या विभागाला चहा सांगितला. लिपिकानं फाईल काढली, दोन पानं चाळली आणि विचारलं, "आत्याबाईंना मुलं किती?"

"एकही नाही."

"इथं तीन आहेत."

माणसानं अशा वेळी गप्प बसावं. मी व्हरांड्यात जाऊन आत्याला फोन लावला, आणि पलीकडे ऐकू जाईना म्हणून तारखेला आलेल्या सगळ्या पक्षकारांच्या देखत ओरडून विचारलं, "आत्या, तुला तीन पोरं आहेत का गं?" व्हरांड्यात एकदम शांतता पसरली. आत्याला धक्का वगैरे काही बसला नाही. तिचा प्रश्न वेगळाच: "कुठल्या गावची रं ती बाई? कुणी कुणाला सोडलं?" मी आत येईपर्यंत लिपिकानं फाईल मिटून तिच्यावर हात ठेवला होता.

शेवटी आत्यालाच घेऊन गेलो. एसटीत २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. तिनं अर्ध्यात खिडकी मिळवली, मी पूर्ण पैसे देऊन उभा. कोर्टाच्या आवारात शिरल्यावर मी तिला पायऱ्यांकडे नेऊ लागलो, तर ती फाटकाशीच थांबली.

"हितं," म्हणाली.

"काय इथं?"

"हितं झाला ना घटस्फोट. हितं स्टॅम्पवाला बसायचा. त्याच्या बाजूला टायपिंगवाला. पंच त्या कट्ट्यावर."

"आणि जज्ज?"

"त्येंचं काय काम?"

माझ्या डोळ्यांपुढे ती लाल पाठीची रजिस्टरं उभी राहिली. आत्या मात्र स्टॅम्पवाला आता कुठं बसतो याची चौकशी करत होती. कागद घरी होता. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली, खताच्या पिशवीच्या प्लास्टिकात. "मग दिला का नाहीस?" तर म्हणे, "तू कोर्टाचा कागद मागितलास. ह्यो पंचांचा हाय."

वीस रुपयांचा स्टॅम्प पेपर, १९९१ सालचा. टाचणी गंजून कागदाला भोक पडलेलं. उभयतांचं पटत नाही, सबब राजीखुशीनं फारकत घेत आहेत, यापुढे कोणी कोणास हरकत करू नये. खाली देणंघेणं: तांब्याचा हंडा एक, डोरलं परत, शेळी एक, पोचली. शेळीच्या पुढे कुणीतरी शाईनं 'गाभण' असं वाढवलं होतं. पाच जांभळे अंगठे. आणि नवऱ्याचं नाव: भरत.

"तू रामाचा भाऊ म्हणालीस!"

"मग? तुला एकच भाऊ ठावा?"

कागद घेऊन आम्ही पुन्हा कोर्टावर आलो. फाटकासमोर वकीलसाहेबांचं टेबल होतं. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि मला वाटलं तसा फेकून दिला नाही. आपल्याकडे कित्येक जातींत काडीमोड आणि पाट पूर्वापार चालत आले. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली, देशभर १९५५ साली, आणि या दुसऱ्यानंही २९व्या कलमात रूढीनं होणारी फारकत राखून ठेवली. "म्हणजे चालतो?" मी उसळलो. "रूढी आहे हे सिद्ध केलंत तर," ते म्हणाले. २००२ साली यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय: अशी रूढी दाव्यात स्पष्ट मांडायची आणि पुराव्यानं शाबीत करायची. नुसता स्टॅम्प पेपर पुरत नाही. "१९७६पासून संमतीनं कोर्टात मिळत होता की घटस्फोट. तिथं का नाही गेलात, मावशी?"

"कोर्ट सहा महिने थांबा म्हणतं," आत्या म्हणाली. "पंच चहावर उठले."

आता उपाय एकच. फारकत झाली आहे असं जाहीर करून मिळावं म्हणून दावा लावायचा, आणि त्यात नवऱ्याला प्रतिवादी करायचं. पत्ता हवा. पत्ता मी गावकीतून काढला: माजी आतोबा दिव्याला राहत होते, निवृत्त, दुसरं लग्न, नातवंडं. भीतभीत फोन केला. माणूस एकदम मोकळा.

"आरं बाळा! आत्या बरी हाय ना? गुडघं दुखतात का अजून?"

मी सगळं सांगितलं. पंच, स्टॅम्प, २९वं कलम, रूढी सिद्ध झाली नाही तर ती फारकत कायद्यानं झालीच नाही असं धरतात, इथपर्यंत. तिथं माझं ज्ञान मला आवरलं नाही.

पलीकडे बराच वेळ नुसता लोकलचा आवाज.

"म्हंजे," आतोबा हळूच म्हणाले, "आमच्या हिनं परवाच फॉर्मात नवऱ्याचं आधार म्हणून माझं टाकलंय. मग आमची ही कोण?"

वकीलसाहेबांना विचारून सांगतो, म्हणालो. वकीलसाहेबांनी त्या सल्ल्याची फी वेगळी सांगितली.